माप कोणाच्या हातात?

वामनाने बळीकडे मागितली ती फक्त तीन पावले जमीन. बटूचे पाऊल केवढेसे, ते समोर दिसतच होते. बळीने हातावर उदक सोडले, म्हणजे आजच्या भाषेत सही केली, आणि सही झाल्यावर पाऊल वाढले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. कायदेशीर सल्लागार त्या वेळी हजर होते, हे मात्र आपण विसरतो. शुक्राचार्यांनी आधीच बजावले होते की समोरचा दिसतो तेवढा नाही, शब्द देऊ नकोस. झारीच्या तोटीत बसून त्यांनी व्यवहार अडवायचाही प्रयत्न केला आणि त्यात एक डोळा गमावला. परंपरेने ही गोष्ट दानाची म्हणून सांगितली, कुणी गर्वहरणाची म्हणून. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीची बाजू घेतली. यंदा अंकाची जुळवाजुळव करताना आम्हांला ती करारनाम्याची गोष्ट वाटत राहिली. आकडा दोघांनी मिळून ठरवला, माप मात्र एकाच्याच ताब्यात राहिले.

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांसाठी निघणाऱ्या दिवाळी अंकाने शेतीच्या करारांवर पहिली पाने का खर्चावीत, हा प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस इस्पितळात, विद्यापीठात किंवा संगणकासमोर जातो. शेताशी संबंध येतो तो रविवारी पायवाटेने फिरायला गेल्यावर, तेही कुंपणाचे फाटक नीट लावून घेण्यापुरता. पण सकाळच्या चहातले दूध एका कराराने आलेले असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुपरमार्केटात दिसणारी नाशिकची द्राक्षे दुसऱ्या कराराने येतात. आणि इथल्या कितीतरी मराठी घरांच्या कपाटात एक सात-बारा आहे, ज्यावरची जमीन दुसराच कुणी कसतो. त्या तिसऱ्या व्यवहाराला तर बहुधा कागदच नसतो. त्याबद्दल शेवटी बोलू, कारण ते बोलणे जरा अवघड आहे.

आधी दुधाचे. या देशात १९३३ साली मिल्क मार्केटिंग बोर्ड स्थापन झाले. मंदीचे दिवस होते, डेअऱ्या एकेका शेतकऱ्याला गाठून दर पाडत होत्या. इंग्लंड आणि वेल्समधल्या शेतकऱ्याने दूध बोर्डालाच विकायचे आणि बोर्डाने ते घेतलेच पाहिजे, असा नियम झाला. तुमचे दूध लंडनच्या बाटलीत जावो की चीजच्या कारखान्यात, पैसा एका सामाईक गल्ल्यात जमायचा आणि दर त्यातून निघायचा. वेल्सच्या डोंगरातल्या चार गायींच्या मालकालाही गाडी येणार याची खात्री असे. या व्यवस्थेत आळस होता, सरकारी खाक्या होता, आणि चांगले दूध काढणाऱ्याला वेगळे बक्षीस फारसे नव्हते. खुल्या बाजाराच्या काळात १९९४ मध्ये बोर्ड गेले. त्याच्या जागी मिल्क मार्क नावाची ऐच्छिक सहकारी संस्था उभी राहिली. बरेच शेतकरी तिच्याकडे गेले, पण तिची बाजारातली ताकद फार झाली असा ठपका मक्तेदारी आयोगाने ठेवला आणि २००० साली तिचे तीन तुकडे झाले. विकणाऱ्यांची संघटना मोठी झाली म्हणून फोडली गेली, विकत घेणारे मात्र त्याच काळात एकमेकांत विलीन होत मोठे होत गेले. हा विरोधाभास आहे असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांचे कुणी ऐकले नाही.

मग सुरू झाला एकेकट्या कराराचा काळ. नमुना असा. शेतकऱ्याने आपले सगळे दूध एकाच खरेदीदाराला द्यायचे. सोडून जायचे तर वर्षभर आधी कळवायचे. दर मात्र खरेदीदार 'आपल्या विवेकाने' ठरवणार आणि बदलला की महिनाभर आधी, किंवा त्याहूनही उशिरा, पत्राने कळवणार. म्हणजे एक बाजू वर्षभर बांधलेली आणि दुसरी महिन्यापुरती. कापूस घरात ठेवता येतो, कांदा चाळीत ठेवून भावाची वाट पाहता येते. दूध उद्या सकाळी पुन्हा निघणारच असते, ते थोपवता येत नाही. हा व्यवसाय करणाऱ्याला 'नाही' म्हणायला फार तर बारा तास मिळतात.

जुलै २०१२ मध्ये मोठ्या प्रक्रियादारांनी पाठोपाठ दरकपात जाहीर केली, तेव्हा शेतकरी वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये जमले आणि रात्री डेअऱ्यांच्या फाटकांसमोर ट्रॅक्टर आडवे लावले. कपात मागे घेतली गेली, एक ऐच्छिक आचारसंहिता आली. ऐच्छिक म्हणजे ज्याला पाळावीशी वाटेल त्याने पाळायची. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, स्टॅफर्डच्या आस्डा दुकानात शेतकऱ्यांनी दोन गायी फिरवल्या. गिऱ्हाइके फोटो काढत होती आणि गायी शांतपणे रांगांमधून चालत होत्या. इतर गावांत शेतकरी फडताळांवरच्या दुधाच्या सगळ्या बाटल्या ट्रॉल्यांत भरून गल्ल्यावर नेत होते. पुणतांब्याच्या २०१७ च्या संपात रस्त्यावर ओतलेले दूध ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल, त्यांना या चित्रातली भाषा लगेच कळेल.

मधल्या काळात सुपरमार्केटांनी एक वेगळा रस्ता काढला. टेस्कोने २००७ मध्ये निवडक शेतकऱ्यांचा गट केला आणि त्यांना उत्पादनखर्चावर आधारलेला दर द्यायला सुरुवात केली. इतर साखळ्यांनीही तसेच केले. ज्यांना तो करार मिळाला त्यांचे बरे झाले, हे मान्य केले पाहिजे. गोठा सुधारला, बँकेने कर्ज दिले, मुलगा शेतीत राहिला. पण बांधाच्या पलीकडे, त्याच जातीच्या गायी पाळणाऱ्या शेजाऱ्याला तो मिळाला नाही. लिटरमागे कितीतरी पेन्सचा फरक पडू लागला. आणि ज्याला करार मिळाला तो मग नियमांबद्दल, वासरांबद्दलच्या अटींबद्दल, दर महिन्याला भरायच्या माहितीबद्दल कुरकूर करीना, कारण बाहेर रांग उभी होती. चांगला दर हाही गप्प बसवण्याचा एक मार्ग आहे, असे आमचे मत झाले आहे. कोणी ते मुद्दाम करतो असे नाही.

अखेर २०२० च्या शेतीविषयक कायद्याने सरकारला अधिकार दिला आणि दुधाच्या खरेदीतील न्याय्य वागणुकीचे नियम ९ जुलै २०२४ ला लागू झाले, आधी नव्या करारांना आणि ९ जुलै २०२५ पासून जुन्या करारांनाही. करार लेखी हवा. दर कसा ठरतो ते त्यात लिहिलेले हवे, आणि बदलता दर असेल तर कोणत्या घटकांवर बदलतो तेही. एका बाजूने परस्पर अटी बदलायच्या नाहीत. सही केल्यावर २१ दिवसांत शेतकरी माघार घेऊ शकतो. तक्रार ऐकायला एक स्वतंत्र निवाडा अधिकारी आहे आणि नियम मोडणाऱ्या खरेदीदाराला उलाढालीच्या १ टक्क्यापर्यंत दंड होऊ शकतो. दर किती असावा याबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. ते बोलायचेही नव्हते. १९९४ ते २०२४ अशी तीस वर्षे गेली ती फक्त एवढे मान्य करायला की माप दोघांना दिसले पाहिजे. या तीस वर्षांत दूध उत्पादकांची संख्या घटत गेली. २०२५ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये ते ७ हजारांच्या आसपास उरले होते.

गंमत अशी की हेच शहाणपण ब्रिटिश सरकारला दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे सुचले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना पैशापेक्षा कागद हवे होते. कर्जरोखे, खतपत्रे, हुकूमनामे काढून रस्त्यात जाळले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता व्यवहार मुळात काय झाला होता ते न्यायालयाने खणून पाहावे, असे त्यात होते. अंगठा उठवणाऱ्याला मजकूर समजावून सांगणारा ग्रामनिबंधक असावा, असेही होते. मोकळ्या कराराचे तत्त्व ज्या साम्राज्याच्या रक्तात मुरलेले, त्याने दख्खनच्या चार जिल्ह्यांत कबूल केले की दोघांची ताकद सारखी नसेल तर सहीला फारसा अर्थ नसतो. कबुली दंगलीनंतर आली, एवढेच.

आता महाराष्ट्रातल्या दुधाकडे पाहा. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) या प्रतीला जाहीर होतो. प्रत एखाद्या पॉइंटने खाली आली की दर कापला जातो. फॅट मोजणारे यंत्र संकलन केंद्राचे, काटा केंद्राचा, हिशेबाची चिठ्ठी केंद्राची. खासगी डेअरीशी लेखी करार बहुतेकांचा नसतो, आणि उसाला जशी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर किंमत, तशी दुधाला कोणतीही कायदेशीर किमान किंमत नाही. जुलै २०१८ मध्ये दूध रोखले गेले तेव्हा सरकारने लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान काढले. नंतरही दर कोसळले की तेच औषध निघत आले आहे. अनुदान हा दर पडल्यावरचा उपचार आहे, दर कसा पाडला गेला याचे उत्तर त्यात नसते.

दुसरे उदाहरण साखरेचे, आणि इथे तुलना अधिक रंगतदार होते. ब्रिटनमध्ये बीटापासून साखर करणारी कंपनी एकच, ब्रिटिश शुगर. १९३६ च्या कायद्याने तेव्हाचे सगळे कारखाने एकत्र करून तिची स्थापना झाली आणि आता ती असोसिएटेड ब्रिटिश फूड्सच्या मालकीची आहे. विसिंग्टन, बरी सेंट एडमंड्स, कॅन्टली आणि न्यूअर्क असे चार कारखाने चालू आहेत. बीट पिकवायचे तर दुसऱ्या कुणाला विकायची सोयच नाही. म्हणूनच दरवर्षीच्या कराराच्या अटी एकेका शेतकऱ्याने नव्हे, तर राष्ट्रीय शेतकरी संघटनेच्या साखर शाखेने कंपनीशी बसून ठरवायच्या, अशी पद्धत आहे. २०२३-२४ च्या पिकाला टनाला ४० पौंड ठरले होते. पुढच्या वर्षासाठी बोलणी अडली, तेव्हा २०२३ च्या शरद ऋतूत कंपनीने संघटनेला वळसा घालून शेतकऱ्यांना थेट देकार पाठवले. काहींना तो दर पुरेसा वाटला असता, हेही खरे. पेरणीचे नियोजन डोक्यावर, बँकेला उत्तर द्यायचे, आणि समोर छापील फॉर्म. पण प्रश्न दराचा उरलाच नव्हता. एकेकट्याने सही करायची का, हा होता. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले आणि डिसेंबरमध्ये संघटनेशी तडजोड होऊन मूळ दर ३८ पौंड ठरला. पौंडांत पाहिले तर आधीच्या वर्षापेक्षा शेतकरी हरले. आमच्या मते ते जिंकले, कारण पुढच्या वर्षी बोलणीच्या टेबलाशी कोण बसणार, ते त्यांनी कंपनीला एकटीने ठरवू दिले नाही.

बीट कारखान्यात पोचले की त्यावरची माती वजा होते, नमुन्यातली साखर मोजली जाते, आणि १६ टक्के साखर हा पाया धरून दर वरखाली होतो. ऊसवाल्याला यातले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती, पण उतारा कारखाना सांगतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होते, आणि तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. किती कारखाने ते पाळतात यावर कोल्हापूर-सांगलीत दर हिवाळ्यात परिषदा भरतात. फरक इतकाच आणि तो मोठा आहे की आपल्याकडे कारखाना सभासदांचा म्हणवला जातो. स्वतःशीच केलेल्या कराराबद्दल तक्रार कुणाकडे करायची? सहकाराने ज्या पट्ट्याला पाणी, शाळा आणि आमदार दिले, त्याच पट्ट्यात काटामारी हा शब्दही रुळला. कारखाना मालकीचा असला तरी काटा कुणी तपासायचा हा प्रश्न सुटत नाही.

सुपरमार्केटांच्या बाबतीत ब्रिटनने २०१३ पासून किराणा आचारसंहितेचा निवाडा अधिकारी नेमला आहे. पुरवठादारांचे पैसे उशिरा दिल्याबद्दल टेस्कोवर २०१६ मध्ये याच कार्यालयाने ताशेरे ओढले. पण ही संहिता थेट पुरवठादारापुरती, आणि शेतकरी बहुधा पॅकहाउसच्या मागे उभा असतो, म्हणून तिच्या बाहेर राहतो. जानेवारी २०२४ मध्ये संसदेसमोर ४९ बुजगावणी उभी राहिली ती याच मागणीसाठी. नाशिकचा द्राक्षबागाईतदार तर आणखी दोन पायऱ्या मागे. औषधांच्या अंशाची मर्यादा युरोप-ब्रिटनची, मण्याचा आकार साखळीचा, आणि माल बंदरावर नाकारला गेला तर नुकसान बहुतेक वेळा बागेचे. महाग्रेप्सने १९९१ मध्ये आणि पुढे मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्याच संस्था उभ्या करून पॅकहाउस आपल्या हातात घेतले, ते म्हणूनच महत्त्वाचे. प्रतवारी आपल्या माणसासमोर होते. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या बागेतून व्यापारी शिवार सौदा करून माल उचलतो, आणि हंगामाअखेर त्याचा फोन बंद लागतो, असे नाशिक जिल्ह्यात दरवर्षी घडते.

भारतात २०२० च्या सप्टेंबरमध्ये शेतीकरारांसाठी केंद्रीय कायदा झाला होता. त्यात पिकापूर्वी दर ठरवण्याची तरतूद होती आणि शेतकऱ्याच्या जमिनीला हात लावायचा नाही, असे स्पष्ट कलमही होते. महाराष्ट्रात शरद जोशींच्या वारशातल्या शेतकरी संघटनेने त्यासह आलेल्या तिन्ही कायद्यांचे स्वागत केले, कारण बाजार मोकळा व्हावा ही त्यांची जुनी मागणी. पंजाबातले शेतकरी मात्र त्यांच्या विरोधात दिल्लीच्या सीमेवर बसले. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. वाद झाला तर जायचे कुठे? कायद्याने दिवाणी न्यायालयाचे दार बंद करून वाद प्रांताधिकाऱ्याकडे नेला होता. महसूल, निवडणुका, पूर, परीक्षा आणि मोर्चे सांभाळणाऱ्या प्रांताला बटाट्याची प्रत ठरवायला वेळ केव्हा मिळणार? नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे गेले आणि तो प्रश्नही त्यांच्याबरोबर फायलीत गेला. ब्रिटनने निदान पंच वेगळा नेमला. तो किती चावतो ते आता कळेल.

आणि आता जमिनीचे. 'कंत्राटी शेतीचा करार' म्हटले की इथल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर कंपनी येत नाही. येतो तो शेजारचा कंत्राटदार, स्वतःचे हार्वेस्टर घेऊन. 'क्लार्कसन्स फार्म' आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले आहे. जेरेमी क्लार्कसनने २००८ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये सुमारे हजार एकर घेतली. वारसा कर टळतो, हे कारण त्याने लपवले नव्हते. ती जमीन गावातला एक शेतकरी कसत होता, तो २०१९ मध्ये निवृत्त झाला म्हणून मालक ट्रॅक्टरवर चढला आणि आपल्याला मालिका मिळाली. कार्यक्रमात त्याला हसणारा, रागावणारा केलेब कूपर हा मुळात असाच कामे घेणारा कंत्राटदार. अशा करारात जमीन, बियाणे, खत आणि उभे पीक मालकाचे. मजुरी आणि यंत्रे कंत्राटदाराची. वेगळे बँकखाते असते. त्यातून आधी खर्च आणि कंत्राटदाराचे ठरलेले शुल्क, मग मालकाची ठरलेली रक्कम, आणि उरलेल्याची टक्केवारीने वाटणी, ज्यात बहुधा मोठा वाटा कंत्राटदाराचा. वर्षातून काही वेळा दोघे बसतात आणि बैठकीचे टिपण ठेवतात. हे टिपण प्रेमापोटी नसते. मालक खरोखर शेती करतो, निर्णय आणि धोका त्याचाही आहे, असे करखात्याला दाखवावे लागते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शेतजमिनीवरच्या वारसा करसवलतीला कात्री लावायची घोषणा झाल्यापासून या टिपणांचे भाव आणखी वधारले असणार.

या कराराचा अनुभव विचारला तर उत्तर वर्षावर अवलंबून असते. गव्हाला भाव असेल तर दोघेही खूश. पण जमीन मिळवण्यासाठी कंत्राटदारांत चढाओढ लागली की मालकाची ठरलेली रक्कम वर चढते आणि उरलेल्यात वाटण्यासारखे काही राहत नाही. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे दीड वर्ष इंग्लंडमध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत ओले ठरले. पेरण्या चिखलात बुडाल्या. त्याच सुमारास क्षेत्रानुसार मिळणारे जुने सरकारी अनुदानही टप्प्याटप्प्याने संपत होते. तरी हार्वेस्टरचा हप्ता थांबत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. नुकसान कुणाचे किती, हे कागदावर आधी ठरलेले होते.

असा आडवळणाचा करार का जन्मला, याचे उत्तर कायद्यात आहे आणि तिथे इंग्लंड आणि महाराष्ट्र एकमेकांच्या आरशात दिसतात. युद्धानंतर, १९४७-४८ च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये खंडकऱ्याला हयातभराचे संरक्षण दिले. १९७६ मध्ये ते वारसांना मिळून तीन पिढ्यांपर्यंत वाढले. हेतू उत्तम होता. परिणाम असा की मालकांनी नवी जमीन खंडाने देणेच थांबवले आणि खंड नाही, भागीदारी नाही, नोकरी नाही अशी कंत्राटी वाट शोधली. चूक ध्यानात आल्यावर १९८४ मध्ये नव्या खंडकऱ्यांची वारसाहक्काची तरतूद काढली, आणि १९९५ मध्ये मुदतबंद, सुटसुटीत खंडाचा नवा कायदा केला. तो आता उलट बाजूला झुकला आहे, मुदती फार तोकड्या असतात अशी इथल्या खंडकऱ्यांची ओरड आहे.

आपल्याकडे मुंबई कूळ कायदा झाला तोही १९४८ चाच. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी कसणारा कूळ मालक मानला गेला. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कायदा, विदर्भाला १९५८ चा. त्या कायद्यांनी लाखो घरांना जमीन दिली, त्याबद्दल दुमत नाही. पण 'कूळ लागेल' ही धास्ती त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ टिकून आहे. जमीन आजही निम्म्याने, बटईने, खंडाने दिली जाते, फक्त तोंडी. २०१६ मध्ये नीती आयोगाने भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला, त्यात मालकाची मालकी आणि कसणाऱ्याची मुदत दोन्ही सुरक्षित ठेवायची कल्पना होती. गावातला व्यवहार मात्र अजून पारावरच होतो.

तोंडी व्यवहाराची किंमत कोण देतो ते २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापुरात दिसले. सप्टेंबरात सीना आणि इतर नद्यांनी सोलापूर, धाराशिव, बीड, जालना इथली उभी शेते नेली, कुठे मातीही नेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पुरेसे की अपुरे, हा वाद चालू राहील. पण हे पैसे सात-बाऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्या खात्यात जातात. बियाणे ज्याने उधारीवर आणले, ज्याची सोयाबीन कुजली, त्याचे नाव तिथे नसेल तर शासनाच्या लेखी त्याचे काही बुडालेच नाही. पीककर्जाचे तसेच, विम्याचेही बहुधा तसेच. कागद देणे टाळून मालकाने कूळ लागण्याची भीती टाळली, आणि पूर आला तेव्हा सगळा धोका नकळत दुसऱ्याच्या अंगावर टाकला.

तो मालक कधी कधी आपण असतो. हॅरोत, स्लाउत, लीड्समध्ये बसलेलो. जमीन चुलतभावाकडे किंवा जुन्या सालगड्याच्या मुलाकडे, वर्षाकाठी दोन पोती ज्वारी किंवा ठरीव रक्कम, आणि आपण मनाचे मोठेपण म्हणून हिशेब विचारत नाही. हिशेब न विचारणे ही उदारता आहे असे आपल्याला वाटते. कसणाऱ्याला तसे वाटेलच असे नाही, कारण हिशेब नसला की त्यालाही काही मागता येत नाही. या देशात आपण घर भाड्याने घेताना पडद्याच्या कड्यांची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतो. तेवढीच काळजी गावाकडच्या चार एकरांसाठी का नाही?

काय लिहायचे, ते फार नाही. एक हंगाम नव्हे, तीन वर्षे तरी जमीन त्याच्याकडे राहील. काढून घ्यायची तर पेरणीच्या आधी, एवढे महिने अगोदर कळवायचे. ई-पीक पाहणीची नोंद कोण करणार. आणि सर्वांत आधी, दुष्काळ किंवा पुराची भरपाई आपल्या खात्यात आली तर त्यातली किती रक्कम, किती दिवसांत, त्याच्याकडे जाणार. कूळ कायद्याची चिंता असेल तर तालुक्याच्या ठिकाणचा वकील शब्द बसवून देईल. मसुदा फारच अवघड वाटला तर भरपाईचे ते एक कलम तरी, दोघांच्या सहीने, दोन प्रतींत. त्यासाठी कुठल्याही संसदेची वाट पाहावी लागत नाही. गावाकडे एकदा सविस्तर फोन मात्र करावा लागतो, आणि पैशाचे बोलणे घरातल्या माणसाशी करायचे असल्याने तो फोन आपण गेली कित्येक वर्षे पुढे ढकलत आलो आहोत. २०२५ च्या पुराची रक्कम त्याच वर्षी मराठवाड्यातल्या खात्यांवर जमा होऊ लागली. पाडव्याच्या शुभेच्छांचा फोन तसाही जाणारच आहे.